दहा थेंब, झोपेच्या वेळी

बिर्गूच्या गोदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
तेरेझा साइलाचं औषधांचं दुकान. अक्रोडी कपाटं,
बरण्यांवर सोनेरी अक्षरं, निम्म्या बरण्या रिकाम्या.
मी उमेदवारीला लागले तेव्हा
डॉक्टरांची अक्षरं छापील होऊन येत होती.
तरी ती म्हणाली, जुनं वाचायला शीक,
लोक जुने कागद टाकत नाहीत.

गिऱ्हाईक माल्टीत मागायचं. आमच्या बोलीत औषधाला दुवा म्हणतात.
कागदावर मात्र लॅटिन.

पहिली खूण आर. उजव्या पायावर तिरकी रेघ.
"कुणी म्हणतं ही जुपिटरची सही,
कुणी म्हणतं मिसरच्या ससाण्याचा डोळा.
खुळे कुठले! कारकुनाला घाई होती,
एक अक्षर ठेवलं, उरलेल्यांवर काट मारली.
रेचिपे. म्हणजे घे.
आणि हे 'घे' रोग्याला नव्हे, आपल्याला:
तराजूत घे, खलात घे."

मग दोन वेळा, तीन वेळा, जेवणाआधी,
सगळ्या शेपूट तुटलेल्या पाली.
क्यू. एस., पुरेल इतकं.
किती पुरेल, मी विचारलं.
"बाटली भरेल इतकं. तू फार विचारतेस."
स्क्रूपल, वीस ग्रेन. मुळात वहाणेत शिरलेला बारीक खडा,
पुढे वजन झाला,
पुढे मनाला टोचणारं काहीही.
पी. आर. एन., गरज पडेल तसं.
अक्षरशः पाहिलं तर:
जे जन्मलं, त्याच्यासाठी.

ऑगस्टात, संत लॉरेन्सच्या जत्रेचे बार उडत असताना
चेत्ता बाल्दाकीनो आली.
झेप्पूच्या रविवारच्या कोटाच्या अस्तरात
घडी घातलेला कागद सापडला होता.
"कुणाचं पत्र आहे बघ.
कुणी बाई असली तरी सांग, आता काय."

तेरेझाने चष्मा वर केला, पुन्हा खाली.
"नाव तुझंच आहे. एकोणसत्तर, फेब्रुवारी."

"तेव्हा मी झोपत नव्हते," चेत्ता म्हणाली.
पाळणा त्यांनी त्याच आठवड्यात
पलीकडच्या गल्लीत देऊन टाकला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक.

तेरेझा वाचत गेली. घे.
मग एका अर्काचं नाव, आता तो कुणी बनवत नाही.
थेंब दहा. एच. एस., झोपेच्या वेळी.
त्यापुढे पी. आर. एन. होतं, मला दिसलं.
तिचं बोट त्यावरून न थांबता
सहीकडे गेलं.
तराजू हातात नव्हता, तरी मला कळलं
वीस ग्रेन किती जड असतात.

कागदावर कुठल्याच दुकानाचा शिक्का नव्हता.

"पण थेंब तर तो द्यायचा," चेत्ता म्हणाली.
"रोज रात्री, चमच्यात, मोठ्याने मोजून.
नऊनंतर जरा थांबायचा, मग दहा.
नारिंगाच्या फुलांचा वास यायचा.
मला वाटायचं, फार महाग असणार."

नारिंगफुलांचं पाणी. आमच्याकडे प्रत्येक ओट्यावर असतं,
कॉफीत घालतो आम्ही.
त्या हिवाळ्यात झेप्पूला गोदीत काम नव्हतं,
हे तेरेझाला आठवलं असावं. ती एवढंच म्हणाली,
"झोप लागायची?"

"लागायला लागली. तो मोजायचा ना."
मग कागदाकडे बघून, हळू:
"म्हणजे तो दुवा नव्हता?"

बार उडाला. बरण्या किणकिणल्या.
"होता," तेरेझा म्हणाली. "दुवाच होता."
खणातून जुना शिक्का काढला. शाई वाळलेली;
तोंडाची वाफ दिली त्याला, दोनदा,
आणि कागदावर दाबून धरला, बराच वेळ.
ठसा पुसट आला. चेत्ताने तो फुंकून वाळवला,
घडी पहिल्या घडीवरच घातली, पर्समध्ये ठेवली,
आणि जाता जाता खोकल्यासाठी
खरनूबाचा पाक घेऊन गेली, पैसे मोजून.

ते एक का नाही वाचलंत, मी विचारलं.

वरच्या फळीवरच्या बरण्या पुसायच्या राहिल्यात,
तेरेझा म्हणाली.
शिडी घे.